वडील ‘आर’ का होतात? : इंग्रजी व्याकरणाची एक सोलापुरी प्रस्तावना

‘माय फादर आर अ टीचर.’ सोलापूरच्या मराठी शाळांतल्या निबंधाच्या वह्यांत हे वाक्य वर्षानुवर्षे येत राहिले आहे. शिक्षक ‘आर’वर लाल रेघ ओढतात, वर ‘इज’ लिहितात आणि पुढची वही उघडतात. मुलाने ‘आर’ का लिहिले, हे विचारायला कुणाला सवड नसते. विचारले असते, तर उत्तर सरळ होते. मराठीत ‘माझे वडील शिक्षक आहे’ असे कुणी म्हणत नाही. वडील ‘आहेत’, सर ‘आले’, आजोबा ‘झोपले’. आदर दाखवायचा तर मराठी एका माणसासाठी अनेकवचन वापरते. मुलाने तो आदर जसाच्या तसा इंग्रजीत नेला. इंग्रजी क्रियापदात त्यासाठी जागा नाही, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

पुढच्या पानांत इंग्रजीचे व्याकरण, विरामचिन्हे आणि शब्दसंपत्ती यांची ओळख करून दिली आहे. तिची सुरुवात या वाक्यापासून करण्याचे कारण म्हणजे मराठी मुलाच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. त्या अज्ञानातून येत नाहीत. मूल एका भाषेचे नियम उत्तम जाणते आणि ते दुसऱ्या भाषेत निष्ठेने पाळते, म्हणून त्या होतात. हे एकदा ध्यानात आले, की लाल रेघेची भीती बरीच ओसरते आणि नुसती पाठ केलेली व्याकरणाची पाने समजू लागतात.

या विचारासाठी सोलापूरइतके योग्य शहर शोधून सापडणार नाही. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. तिच्या आणि हातमागांच्या आधाराने तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे पूर्व भागात स्थिरावली; त्यांच्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या तालुक्यांत कानडी घराघरांत आहे. दखनी आणि उर्दू शहराच्या पेठांत रुळलेल्या आहेत. पेशवाईच्या उत्तरकाळात गाजलेले शाहीर रामजोशी याच गावचे, आणि एकाच लावणीत अनेक भाषा गुंफण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ज्या श्रोत्यांना ती लावणी कळत होती, त्यांचे वारस आज शाळेत बसतात.

पूर्व भागातल्या तेलुगू घरातले दहा वर्षांचे मूल घ्या. घरी त्याला ‘बस’ म्हणजे ‘बस्सु’ आणि ‘कार’ म्हणजे ‘कारु’, कारण तेलुगूला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो. तेलुगूत बाई आली काय किंवा बस आली काय, क्रियापद एकच : ‘वच्चिंदि’. शाळेत मराठी बोलताना मात्र त्याला तो आला, ती आली, ते आले अशी तीन लिंगे सांभाळावी लागतात. हे मूल दोन वेगळ्या लिंगव्यवस्था रोज, न अडखळता वापरते आणि त्यासाठी त्याने कुठलेही पुस्तक उघडलेले नसते. शाळेच्या कागदावर इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’ असते. या मुलासाठी ती प्रत्यक्षात चौथी किंवा पाचवी असते. त्याला भाषा शिकता येत नाही, असे म्हणणाऱ्याने त्याचे घर पाहिलेले नसते.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची चर्चा खूप झाली. त्यांच्या कामाची दुसरी बाजू कमी बोलली गेली. शाळेतल्या मुलींच्या घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी आहे, हे त्यांनी ओळखले आणि पुस्तकातला मजकूर मुलींना कळणाऱ्या भाषेत आणला. इंग्रजी शिकवतानाही पहिले पाऊल हेच असायला हवे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे शिकूनही विद्यार्थी वाक्य लिहायला बिचकत असेल, तर आणखी तास वाढवण्याआधी हे पाऊल टाकले का, ते पाहायला हवे.

मराठी आणि इंग्रजी व्याकरणांची ओळख जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण नमुना म्हणून होते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी या शब्दांच्या आठ जाती आपण शाळेत पाठ करतो. इंग्रजीच्या आठ ‘पार्ट्‌स ऑफ स्पीच’शी त्या एकास एक जुळतात, यात आश्चर्य नाही. वाक्यपृथक्करण म्हणजे उद्देश्य आणि विधेय वेगळे काढून दाखवणे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली त्यावर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या उसन्या साच्याची कसून तपासणी केली आणि मराठीला तो कुठे बसतो, कुठे काचतो ते दाखवले. ज्या विद्यार्थ्याने मराठीचे व्याकरण नीट केले आहे, त्याच्या हातात इंग्रजी व्याकरणाचा अर्धा नकाशा आधीच असतो. शाळेत हे दोन तास दोन वेगळे शिक्षक घेतात आणि एकमेकांच्या फळ्याकडे पाहत नाहीत, ही खरी हानी आहे.

  

नकाशाचा उरलेला अर्धा भाग वेगळा आहे, आणि त्यातला सर्वांत अवघड मुलूख क्रियापदाचा. मात्र रूपे हे अडचणीचे कारण नाही. ‘करणे’ची रूपे मोजायला बसले तर करतो, करते, करतोस, करतेस, करतात, केला, केली, केल्या, करीन, करशील, करावे अशी यादी संपता संपत नाही. इंग्रजी ‘डू’ची रूपे पाच : डू, डज, डिड, डन, डूइंग. मराठी मुलाला इंग्रजी क्रियापद हलके वाटायला हवे. अडते ते काळाच्या हिशोबात. ‘मी दहा वर्षांपासून सोलापुरात राहतो’ हे वाक्य मराठीत साध्या वर्तमानकाळात आहे. राहणे अजून चालू आहे, म्हणून वर्तमान. त्यातूनच ‘आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स टेन इयर्स’ हे आपल्याकडचे सर्वपरिचित वाक्य जन्मते. इंग्रजीला तेवढे पुरत नाही. राहणे मागे सुरू झाले आणि आजपर्यंत पोचले, हे दोन्ही तिला क्रियापदातच दिसायला हवे : ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. आणि ‘पासून’साठी तिच्याकडे दोन शब्द आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, लांबी सांगायची तर ‘फॉर’. ‘सिन्स २०१५’, पण ‘फॉर टेन इयर्स’.

‘मी कालच आलो आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत ‘आय हॅव कम यस्टर्डे’ चालत नाही, कारण ‘काल’ म्हटले की इंग्रजीच्या दृष्टीने तो दिवस संपला आणि संपलेल्या वेळेला साधा भूतकाळच लागतो : ‘आय केम यस्टर्डे’. मराठीत काळ आणि वेळ सांगणारा शब्द यांचा संबंध सैल आहे, इंग्रजीत तो घट्ट आहे. हे एक वाक्य समजले तर काळांचे बारा तक्ते पाठ करण्याची गरज निम्मी होते.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना फरक आणखी उघड होतो. ‘रमेश म्हणाला की मी उद्या येणार आहे.’ यातला ‘मी’ रमेश आहे, हे कुठल्याही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते आणि ऐकणाऱ्यावर विश्वास टाकते. इंग्रजीत ‘दॅट’ आला की सांगणारा सगळी सूत्रे स्वतःकडे घेतो. ‘मी’चा ‘ही’ होतो, ‘विल’चे ‘वुड’ होते, ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो. परीक्षेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हणून विचारला जाणारा हा प्रश्न यांत्रिक बदलांच्या यादीसारखा शिकवला जातो. कोण कुणाच्या जागेवरून बोलतो आहे, एवढे मुलाने ओळखले की यादीतले बहुतेक बदल तो स्वतःच करू शकतो.

आर्टिकल्सबद्दल थोडक्यात. मराठीत ती नाहीत, तेलुगूत आणि कानडीतही नाहीत, त्यामुळे सोलापूरकरांना ‘अ’ आणि ‘द’ कायम परके वाटतात. तरीही ‘एक होता राजा’ असे म्हणून गोष्ट सुरू करणारी आणि पुढच्या वाक्यात ‘तो राजा’ म्हणणारी आजी तोच भेद करत असते : पहिल्यांदा भेटणारा राजा आणि ओळखीचा झालेला राजा. नवखी वस्तू ‘अ’, ओळखीची ‘द’, हा एवढा पाया तरी आपल्या घरात आहे. ‘अ’ की ‘ॲन’ हे कानाने ठरते, अक्षराने नव्हे. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’ आणि ‘ॲन एमएलए’.

विरामचिन्हांचा भाग या पुस्तकात मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मराठी माणसाला ही चिन्हे आपलीच वाटतात, पण ती आपल्याकडे येऊन फार काळ लोटलेला नाही. दप्तरे आणि चोपड्या ज्या मोडीत लिहिल्या जात, तिच्यात आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरे सलग सोडत; शब्दाशब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक काढले आणि इंग्रजीतली चिन्हे मराठी छपाईत रुजवली. अर्धविरामाचा प्रवास त्याहून लांबचा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस यांच्या छापखान्यात तो घडला, तिथून इंग्रजीत गेला आणि कँडींच्या हातून पुण्यास पोचला.

चिन्ह तेच असले तरी दोन्ही भाषांत त्याचे काम सारखे नाही. मराठीत कोण कर्ता आणि कोण कर्म, हे प्रत्यय सांगतात. ‘मुलाने बैलाला ओढले’ म्हणा किंवा ‘बैलाला मुलाने ओढले’, ओढणारा मुलगाच राहतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की बैल मुलाला ओढू लागतो. प्रत्ययांचा आधार असल्याने मराठीचा स्वल्पविराम बराचसा श्वासावर चालू शकतो. इंग्रजीच्या स्वल्पविरामाला मात्र वाक्याचा सांगाडा सांभाळावा लागतो. गिरणीच्या सूचनाफलकावर ‘द वर्कर्स हू वर्क्ड ॲट नाइट विल गेट अ बोनस’ असे लिहिले, तर बोनस फक्त रात्रपाळीच्या कामगारांना. ‘वर्कर्स’नंतर आणि ‘नाइट’नंतर स्वल्पविराम दिला, की सगळ्याच कामगारांना बोनस आणि सगळ्यांनीच रात्री काम केले असा अर्थ होतो. शब्द एकही बदललेला नाही. मराठीत हाच भेद ‘जे कामगार रात्री होते, त्यांना’ या मिश्र वाक्याने होतो, आणि त्यात मध्ये स्वल्पविराम असतोच. म्हणून मराठी हात इंग्रजीतही तिथे स्वल्पविराम देतो आणि नकळत अर्थ फिरवतो. ‘तो म्हणाला, की’ लिहिण्याच्या सवयीने ‘ही सेड, दॅट’ असे लिहिले जाते. तिथे इंग्रजीला स्वल्पविराम नको असतो.

एका स्वल्पविरामाची किंमत किती, याचा हिशोब अमेरिकेतल्या एका खटल्याने करून दाखवला. मेन राज्याच्या कायद्यानुसार खाद्यपदार्थांच्या काही कामांसाठी जादा वेळेचा जादा मोबदला देणे बंधनकारक नव्हते. त्या कामांच्या यादीच्या शेवटी साठवणे आणि मग ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग सवलत कुणाला? माल बांधण्याला, की बांधण्याला आणि पोचवण्यालाही? खटला भरणारे ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक माल पोचवत, बांधत नसत. कायद्याचे शब्द संदिग्ध आहेत, म्हणून त्यांचा अर्थ कामगारांच्या बाजूने लावला पाहिजे, असे अपील न्यायालयाने २०१७ साली ठरवले. पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलर देऊन वाद मिटवला. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या या शहरात, जिथे हजेरी, बोनस आणि पाळी हे रोजचे प्रश्न आहेत, तिथे विरामचिन्हे हा केवळ शुद्धलेखनाचा विषय राहत नाही.

ॲपॉस्ट्रफीला मराठीत भाऊबंद नाही. आपला ‘चा-ची-चे’ पुढच्या नामाप्रमाणे बदलतो. इंग्रजीत मागच्या नामाला एक छोटे चिन्ह आणि ‘एस’ लागतो. नाम अनेकवचनी असून ‘एस’ने संपत असेल, तर चिन्ह त्या ‘एस’च्या नंतर येते. म्हणून वसतिगृहाच्या पाटीवर ‘बॉइज हॉस्टेल’ लिहिताना ॲपॉस्ट्रफी ‘एस’च्या आधी पडली, तर ते एकाच मुलाचे वसतिगृह ठरते. ‘इट्‌स’ ऐकायला एकच, लिहायला दोन : ‘इट इज’चा संक्षेप असेल तर चिन्ह हवे, ‘त्याचे’ या अर्थी नको. याचे एक कारण असे, की ‘हिज’ आणि ‘हर्स’ या सर्वनामांनाही ॲपॉस्ट्रफी लागत नाही. मोठ्या लिपीतली अक्षरे देवनागरीत नाहीतच. म्हणून सोमवार, जानेवारी, मराठी हे शब्द इंग्रजीत लहान अक्षराने सुरू करण्याची चूक इतकी सर्रास होते.

शब्दसंपत्तीबद्दल आपण स्वतःला फार गरीब समजतो. कंपास, पास, स्टँड, टॉवेल, पाळीचा ओव्हरटाइम, जेकार्डचा माग असे शेकडो इंग्रजी शब्द सोलापूरकर दिवसभर वापरतो. त्यांतले काही आपल्याकडे येऊन अर्थाने बदलले आहेत. शाळेचे ‘गॅदरिंग’ आणि शिकवणीचा ‘क्लास’ हे अर्थ इंग्लंडमधल्या माणसाला लगेच कळणार नाहीत. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ मराठी मुंगसापासून आला आणि ‘बँडिकूट’ तेलुगू ‘पंदिकोक्कु’पासून. पूर्व भागातल्या मुलाला इंग्रजी शब्दकोशात आजीचा शब्द सापडतो, यासारखे दुसरे निमंत्रण नाही. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचा पहिला भाग छापून झाला तो १८८४ साली. मराठी घरातल्या शब्दांची इंग्रजीशी गाठ घालण्याचे काम इतके जुने आहे.

खरी अडचण शब्दांच्या संख्येत नसून त्यांच्या सोबतीत आहे. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह’. इंग्रजी माणूस ती ‘टेक’ करतो. आपला चहा कडक, त्यांचा ‘स्ट्राँग’. आपला पाऊस मोठा, त्यांचा ‘हेवी’. आपण दिवा ‘बंद’ करतो, म्हणून ‘क्लोज द लाइट’. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा जोडीने पाठ करावेत, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी आढळेल. इंग्रजी शब्दांचे थरही मराठी वाचकाला लवकर कळू शकतात. आपल्याकडे दात आणि दंतवैद्य, हात आणि हस्ताक्षर अशा जोड्या आहेत. घरातला शब्द एक, शास्त्राच्या दारातला दुसरा. इंग्रजीत ‘टूथ’ आणि ‘डेंटिस्ट’, ‘हँड’ आणि ‘मॅन्युअल’ यांचे नाते तसेच आहे. १०६६ साली नॉर्मन राजवट आल्यावर फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले शब्द जुन्या इंग्रजी शब्दांच्या शेजारी बसले. ‘दंत’ आणि ‘डेंटिस्ट’ यांचा आवाज जुळतो तो योगायोगाने नाही. संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या आहेत, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात मांडले होते.

शब्द कामातून लवकर येतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेव्हा ते विशी ओलांडून तिशीकडे झुकलेले होते. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी शिकले आणि रुग्णांशी, विद्यार्थ्यांशी त्या भाषेत बोलू लागले. वय निघून गेले म्हणून इंग्रजी शिकायचे सोडून दिलेल्या, दुकानात किंवा मागावर काम करणाऱ्या माणसाने हे उदाहरण जवळ ठेवावे.

पुस्तकाची रचना दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या पद्धतीला धरून आहे. त्या पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले : आधी नियम, मग थोडे शब्द, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची वाक्ये. ‘रेन अँड मार्टिन’चे व्याकरण याहून विस्तृत आहे. नियमांचा नेमकेपणा त्यात आहे. पण विद्यार्थ्याच्या मनातली मराठी ते पुस्तक ओळखत नाही, आणि भाषांतर पाठमाला ओळखते. म्हणून इथे प्रत्येक धड्यात मराठी वाक्य वर छापले आहे, त्याखाली त्याचे चुकीचे पण स्वाभाविक इंग्रजी, आणि मग योग्य इंग्रजी. मधली ओळ गाळून पुढे जाऊ नये. चूक कुठल्या मराठी नियमातून आली, ते वाचकाने समासात पेन्सिलीने लिहावे आणि मगच तिसरी ओळ पाहावी. घरी तेलुगू किंवा कानडी असेल, तर तेच वाक्य त्या भाषेतही लिहून पाहावे. पहिला धडा क्रियापदाचा आहे, आणि त्यातले पहिले वाक्य वडिलांविषयीचेच आहे.